औषध पेशीला मारत नाही, मरायला लावतं : वाचकांचे प्रश्न

कर्करोगाच्या औषधांविषयी आलेल्या पत्रांतली आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. ती थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं वगळली आहेत. इथे दिलेले डोस समजून घेण्यासाठी आहेत. त्यात फेरबदल करायचा तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच.

आईला स्तनाच्या कर्करोगासाठी केमो चालू आहे. आधी लाल रंगाचं औषध चार वेळा दिलं, आता दर आठवड्याला दुसरं देतात. डॉक्टर म्हणाले, औषधानं पेशी आत्महत्या करतात. आम्ही समजत होतो की केमो म्हणजे विष, त्यानं पेशी जळते. खरं काय? (रामबाग, इंदूर)

डॉक्टरांचं बरोबर आहे. फक्त आत्महत्येपेक्षा आपला 'निरवानिरव' हा शब्द या प्रकाराला जास्त शोभतो. पेशी दोन तऱ्हांनी मरते. भाजली, ठेचली किंवा तिचं रक्त तुटलं, की ती फुगून फुटते, आतला ऐवज आजूबाजूला सांडतो आणि तिथे सूज येते. दुसरी तऱ्हा शिस्तीची आहे. पेशी आक्रसते, आपला डीएनए ठरावीक मापाने कापते, स्वतःच्या लहान लहान पुड्या बांधते आणि शेजारच्या सफाई करणाऱ्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. मागे खूण राहत नाही. १९७२ साली कर, वायली आणि करी या संशोधकांनी या दुसऱ्या मरणाला 'अ‍ॅपोप्टोसिस' हे ग्रीक नाव दिलं. त्याचा अर्थ पानगळ. निरोगी शरीरात ही पानगळ रोज चालू असते. गर्भात हाताची बोटं सुटी होतात, ती मधल्या पेशी अशाच गळून गेल्यामुळे. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत वाढीच्या काळात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ ठरल्या वेळी मरतात. त्या मरणामागची जनुकं शोधून काढणाऱ्या कामाला २००२चं नोबेल मिळालं. कर्करोगाच्या औषधांचं आजचं बरंचसं शास्त्र त्या कृमीपासून सुरू होतं.

आता आईंच्या औषधांकडे येऊ. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याचं भावंड एपिरुबिसिन. डीएनएचा धागा उलगडताना त्याला पीळ बसत जातो. तो सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-२ नावाचं विकर धाग्याचे दोन्ही पदर कापतं, पीळ काढतं आणि पुन्हा सांधतं. हे औषध त्याला कापल्यानंतर आणि सांधण्याआधी अडवून धरतं. धागा तुटका राहतो. आठवड्याचं औषध बहुधा पॅक्लिटॅक्सेल असेल. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेण्यासाठी तिच्यात बारीक नळ्या उभ्या राहतात आणि काम झालं की विरघळतात. पॅक्लिटॅक्सेल त्यांना विरघळूच देत नाही. पेशी अर्ध्या वाटेत अडकते.

औषधाचं काम इथवरच. पुढचा निर्णय पेशीचा. तिच्यात पी-५३ नावाचं प्रथिन असतं. एरवी ते तयार होताच मोडून टाकलं जातं, त्यामुळे त्याची पातळी कमी राहते. डीएनए तुटला की ही मोडणी थांबते आणि पी-५३ साचत जातं. आधी ते पेशीचं विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर प्यूमा, नोक्सा अशी प्रथिनं तयार करायला लावतं. खरी लढाई असते ती मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघराच्या, दारात. बीसीएल-२ आणि त्याच्या कुळातली प्रथिनं या दाराला आतून कडी घालून बसलेली असतात. प्यूमा आणि नोक्सा ती कडी काढतात. मग बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं ऊर्जाघराच्या भिंतीला भोकं पाडतात आणि आतलं सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर येतं. ते अ‍ॅपॅफ-१ या प्रथिनाला चिकटलं की सात आऱ्यांचं एक चाक जुळतं. या चाकावर कॅस्पेज-९ नावाचं विकर जागं होतं, ते कॅस्पेज-३ला जागं करतं आणि कॅस्पेज-३ पेशीतली शेकडो प्रथिनं कातरत सुटतं. भिंतीला भोकं पडेपर्यंत पेशी मागे फिरू शकते. एकदा ती पडली की काही मिनिटांत सायटोक्रोम-सी बाहेर येतं आणि मग परतीची वाट जवळपास उरत नाही.

पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधात डीएनए तुटलेला नसतानाही, विभाजनात फार वेळ अडकल्यामुळे, कड्या सैल होतात. वाट वेगळी असली तरी दार तेच.

घरी लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. लाल औषधानंतर एखाद-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग, रक्त नव्हे. पण हे औषध हृदयाच्या स्नायूला इजा करतं आणि ती इजा साठत जाते. डॉक्सोरुबिसिनची आयुष्यभराची बेरीज शरीराच्या दर चौरस मीटरमागे ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देत नाहीत. नेहमीच्या ६०च्या चार डोसांत २४० होतात. एपिरुबिसिनची मर्यादा वेगळी असते. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात उपचार घ्यायची वेळ आली, तर आधी किती मिलिग्रॅम झालं हे त्या डॉक्टरांना कळलंच पाहिजे, म्हणून ती फाइल जपून ठेवा. दुसरी गोष्ट पॅक्लिटॅक्सेलची. बोटं बधिर होऊ लागली, ब्लाउजच्या हुका लावताना किंवा सुई ओवताना हात अडखळू लागले, तर पुढच्या डोसआधी सांगा. बायका हे अंगावर काढतात. वेळेवर सांगितलं तर डोस कमी करता येतो, उशीर झाला तर बधिरपणा कायमचा राहू शकतो.

केमो गाठीसाठी असतं, मग केस का जातात, तोंड का येतं? आणि २१ दिवसांचंच अंतर का? (सुदामा नगर, इंदूर)

ही औषधं गाठ ओळखत नाहीत, पेशी विभागते आहे की नाही एवढंच त्यांना कळतं. केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा इथल्या पेशी सतत विभागतात. शिवाय या निरोगी पेशींतलं पी-५३ धडधाकट असतं, त्यामुळे त्या थोड्याशा मोडतोडीतही निरवानिरव करून मोकळ्या होतात.

अंतर ठरतं ते अस्थिमज्जेवरून. पांढऱ्या पेशी साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात भरून येतात. तळाच्या त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी इस्पितळ गाठा आणि केमो कोणत्या तारखेला झालं हे पहिल्या वाक्यात सांगा. पांढऱ्या पेशी कमी असताना पू होत नाही, सूज येत नाही, एकटा तापच काय ते सांगत असतो. अशा वेळी शिरेतून प्रतिजैविक तासाभराच्या आत सुरू व्हायला हवं. या उपचारात टाळता येण्यासारखे जे मृत्यू होतात, त्यांतले पुष्कळ या उशिरापायी होतात.

वडिलांना गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग आहे. पहिल्या तीन केमोंत गाठ निम्म्याहून कमी झाली, आता त्याच औषधावर पुन्हा वाढते आहे. नातेवाईक म्हणतात, शरीराला औषधाची सवय झाली. असं होतं का? (लोकमान्य नगर, इंदूर)

नाही. सवय वडिलांच्या शरीराला झालेली नाही. गाठीत जे घडलं ती निवड आहे, आणि या दोन गोष्टींत फार फरक आहे.

मालव्यात सोयाबीन पेरणाऱ्या कुणालाही हे पटेल. एकाच जातीचं तणनाशक दरसाल मारलं की काही वर्षांनी तेच तण त्याला दाद देत नाही. एखाद्या रोपट्याला औषध पचवायची सवय लागते असं काही नसतं. लाखांत एखादं रोपटं मुळातच वेगळं असतं. बाकीची मेली की सगळं शेत त्याला मोकळं मिळतं.

गाठीचा हिशेब मांडून पाहा. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं तीसदा झालं की सुमारे एक अब्ज पेशी होतात. हीच साधारण एक सेंटिमीटरची गाठ. दर विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. समजा दहा लाखांत एक पेशी एखाद्या औषधाला दाद न देणारी निघाली, तर औषधाचा पहिला थेंब शरीरात जाण्याआधीच त्या अब्जात अशा हजारभर पेशी बसलेल्या असतात. औषधानं ९९.९ टक्के पेशी मारल्या, तरी दहा लाख उरतात. स्कॅनमध्ये त्या दिसतही नाहीत. पुढे वाढतात त्या या उरलेल्यांच्या वंशातल्या.

दोन किंवा तीन औषधं एकत्र देतात ती याच हिशेबानं. एका औषधाला न जुमानणारी पेशी दहा लाखांत एक आणि दुसऱ्याला न जुमानणारीही दहा लाखांत एक असेल, तर दोन्हींना पुरून उरणारी एक लाख कोटींत, म्हणजे एकावर बारा शून्यं इतक्यांत, एक असेल. क्षयरोगातही चार औषधं एकदम देतात त्यामागे हाच विचार आहे. मात्र दोन्ही औषधांपासून सुटायची वाट वेगवेगळी असेल तरच हा हिशेब चालतो. कर्करोगात तो बिघडतो, कारण कित्येक औषधांची वाट शेवटी त्याच एका दारातून जाते.

आता वडिलांच्या पेशी नेमक्या कशा सुटल्या असतील ते पाहू. तोंडाच्या कर्करोगात बहुधा सिसप्लॅटिन वापरतात, कधी डोसिटॅक्सेल आणि ५-एफयूबरोबर. सिसप्लॅटिनमधला प्लॅटिनमचा अणू डीएनएच्या शेजारशेजारच्या दोन ग्वानिन या घटकांना चिमट्यासारखा धरतो. धागा तिथे वाकतो. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या प्रवाहात जिवाणू वाढवत होते. विद्युतअग्रातून झिरपलेल्या प्लॅटिनममुळे जिवाणूंचं विभाजन थांबलं आणि ते लांबच लांब वाढत गेले. हे औषध त्यातून सापडलं. १९७८मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

याला चकवण्याच्या वाटा चार टप्प्यांवर आहेत. औषध पेशीत कमी शिरतं, कारण आत घेणारी प्रथिनं कमी झालेली असतात. आत शिरलं तर पेशीतलं ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य त्याला चिकटून निकामी करतं. डीएनएपर्यंत पोहोचलंच, तर ईआरसीसी-१ वगैरे दुरुस्ती प्रथिनं तो वाकलेला तुकडा कापून नवा बसवतात. आणि सगळ्यात कठीण चौथी वाट. मोडतोड पुरेपूर होते, पण मरायचा निर्णयच होत नाही. पी-५३चं जनुक माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेलं असतं आणि तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगात तर ते वारंवार बिघडलेलं सापडतं. तुटक्या डीएनएची वर्दी देणारंच कुणी नसेल, तर पेशी तशीच पुढे विभागत राहते. याच्या उलट उदाहरण वृषणाच्या कर्करोगाचं. त्यात पी-५३ बहुधा शाबूत असतं आणि शरीरभर पसरलेला असतानाही तो याच सिसप्लॅटिननं बरा होऊ शकतो. औषध तेच, चिमटा तोच, फरक पेशीच्या आतल्या निर्णयात.

गाठीचा मध्यभाग ही आणखी एक अडचण. तिथे रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. औषध कमी पोहोचतं आणि प्राणवायू कमी असल्यानं रेडिएशनचाही जोर कमी पडतो. म्हणून गालाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया शक्य असेल तर तीच पहिली. केमोनं गाठ आक्रसली म्हणून ती टाळू नये. वडिलांची गाठ आता पुन्हा वाढत असेल, तर त्याच औषधाचे आणखी दोन डोस देऊन बघू, असं म्हणण्यात फारसा अर्थ नाही. शस्त्रक्रिया अजून होऊ शकते का, औषधाचा गट बदलता येईल का, हे सर्जन आणि केमोचे डॉक्टर यांना एकत्र बसवून विचारा, तेही याच आठवड्यात.

आणि सुपारी, तंबाखू आजच बंद. उपचारात तंबाखू चालू राहिली तर रेडिएशनचा गुण कमी येतो. मध्य प्रदेशात २०१२पासून गुटख्याला बंदी आहे. पण सुपारी आणि तंबाखू दोन वेगळ्या पुड्यांत मिळतात आणि हातावर एकत्र होतात. नुसती सुपारीही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४मध्येच सांगितलं आहे. 'आता झालाच आहे, मग सोडून काय उपयोग,' असं कुणी म्हणालं, तर त्याला हा रेडिएशनचा मुद्दा ठामपणे सांगा.

केमोबरोबर हळदीच्या कॅप्सूल आणि काढे घेतले तर? (देवास)

भाजीतली, दुधातली हळद खुशाल घ्या. कॅप्सूल नको. काचेच्या बशीत हळदीतलं कर्क्युमिन पेशींना मरायला लावतं हे खरं, पण तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. शिवाय ते आणि काही वनस्पतींचे अर्क यकृतातली औषधं मोडणारी विकरं कमी-जास्त करतात, त्यामुळे केमोची रक्तातली पातळी भलतीकडे जाऊ शकते. सिसप्लॅटिन चालू असताना भस्मं तर अजिबात नकोत. ते औषध मुळात मूत्रपिंडावर भार टाकतं, त्यासाठीच आधी आणि नंतर लिटर-दोन लिटर सलाईन देतात. घरी जे काही घेत असाल त्याच्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. लपवू नका.

मोठ्या भावाला सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे. चार वर्षं इमॅटिनिबच्या गोळीवर छान होते. लग्नसराईत, प्रवासात गोळ्या राहून गेल्या. आता रिपोर्टचा आकडा वाढला आहे. औषध निकामी झालं का? (टिळक नगर, इंदूर)

आधी एवढं पाहा, औषध निकामी झालं की पोटात गेलंच नाही.

सीएमएलमध्ये दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल नावाचं विकर तयार होतं आणि ते पेशीला 'वाढ, मरू नकोस' असा हुकूम अखंड देत राहतं. इमॅटिनिब या विकराच्या खोबणीत जाऊन बसतं. हुकूम थांबला की बिम नावाचं प्रथिन वाढतं, बीसीएल-२ची कडी निघते आणि पेशी गळते. २००१ साली हे औषध आलं आणि या आजाराचं रूपच पालटलं.

पण हे सारं रक्तातली पातळी टिकली तर. महिन्याच्या ३० गोळ्यांतल्या ३ चुकल्या की प्रमाण ९० टक्क्यांवर येतं. ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत आजार खोलवर आटोक्यात येण्याचं प्रमाण फार घसरतं, हे अभ्यासांत स्पष्ट दिसलं आहे. भावाशी न रागावता हिशेब काढा. गेल्या तीन महिन्यांत किती पाकिटं घेतली आणि किती उरली? गोळी मुख्य जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासह घ्यायची. मळमळीमुळे ती चुकत असेल तर तसं सांगा, त्यावर उपाय आहे. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.

गोळ्या नियमित असूनही आकडा चढत असेल, तर बीसीआर-एबीएलच्या उत्परिवर्तनाची तपासणी करायला सांगा. औषध ज्या खोबणीत बसतं तिचा आकार बदललेला असू शकतो. टी-३१५-आय या बदलात ३१५व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्यूसिन येतं. इमॅटिनिब तिथे मावत नाही, दासाटिनिब आणि निलोटिनिबही नाहीत. पोनाटिनिब मावतं. इतर पुष्कळ बदलांत दासाटिनिब किंवा निलोटिनिब चालतं, म्हणून अंदाजानं औषध बदलू नये. बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजणारी पीसीआरची तपासणी दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करा. दोन ठिकाणचे आकडे एकाच प्रमाणात बसवलेले नसले तर वाढ नसताना वाढ दिसते. उपचाराच्या पहिल्या वर्षाअखेरीस आकडा ०.१ टक्क्यापर्यंत उतरावा अशी अपेक्षा असते.

सासऱ्यांना सीएलएल या रक्ताच्या कर्करोगासाठी व्हेनेटोक्लॅक्स सुरू करताहेत. पाच आठवडे डोस चढवत नेणार आणि पहिल्या दिवसांत रक्त पुन्हा पुन्हा तपासणार म्हणाले. एवढी सावधगिरी कशासाठी? (महू)

औषध फार चांगलं काम करतं, म्हणूनच.

सीएलएलच्या पेशी बीसीएल-२च्या कडीवर जगतात. व्हेनेटोक्लॅक्स नेमकी हीच कडी काढतं. पी-५३ बिघडलेलं असलं तरी ते चालतं, कारण ते निर्णयाच्या वरच्या पायऱ्या सोडून थेट दाराशी जातं. त्यामुळे काही तासांत पेशी भराभर मरतात आणि त्यांच्यातला पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्लाचा लोंढा रक्तात येतो, कॅल्शियम उतरतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाची लय बिघडते, युरिक आम्लानं मूत्रपिंड बंद पडू शकतं. म्हणून पहिल्या आठवड्यात २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. सुरुवातीच्या टप्प्यांत डोसनंतर ६ ते ८ तासांनी आणि २४ तासांनी रक्त तपासतात. ती दुसरी तपासणी 'उद्या बघू' म्हणून टाळू नका.

पहिल्या डोसच्या दोन दिवस आधीपासून रोज दीड ते दोन लिटर पाणी आणि युरिक आम्लासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल हे ठरलेलं. हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर आधी सांगा. गोळी जेवणानंतर घ्यायची. ग्रेपफ्रूट, कडू संत्रं आणि कमरख पूर्ण वर्ज्य. पपनस त्याच कुळातलं, तेही टाळा. ही फळं औषध मोडणारं विकर अडवतात आणि २० मिलिग्रॅमचा डोस शरीरात कितीतरी मोठा होऊन बसतो. बुरशीवरची काही औषधं आणि क्लॅरिथ्रोमायसिन हेच करतात. दुसऱ्या कुणा डॉक्टरांकडे सर्दीतापासाठी गेलात तरी व्हेनेटोक्लॅक्सचं नाव घ्या.

याचाही प्रतिकार होतो. काही पेशींत बीसीएल-२मध्येच जी-१०१-व्ही असा बदल होतो आणि औषधाची पकड सुटते. काही पेशी बीसीएल-२ सोडून एमसीएल-१ या दुसऱ्या कडीचा आधार घेतात.

होळकर विज्ञान महाविद्यालयात शिकते. पेशी औषध बाहेर फेकतात त्या पंपाबद्दल वाचलं. तो पंप बंद का करत नाहीत? आणि प्रकल्पात अ‍ॅपोप्टोसिस मोजायचा आहे, एमटीटी चाचणी पुरेल का? (इंदूर)

तू म्हणतेस तो पंप म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. १९७६मध्ये ज्युलियानो आणि लिंग यांनी तो हॅमस्टरच्या पेशींत ओळखला. पेशीच्या पडद्यात बसून, एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून, तो डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल अशी एकमेकांशी नातं नसलेली औषधं बाहेर काढतो. सिसप्लॅटिन मात्र तो काढत नाही. रक्तदाबाच्या व्हेरापॅमिलनं हा पंप बशीत अडतो, पण माणसात त्यासाठी लागणारा डोस हृदयाला झेपत नाही. नंतरची नेमकी औषधंही रुग्णांत पुरेशी उपयोगी ठरली नाहीत. कारण हाच पंप आतडं, यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत राखणीला बसलेला असतो. तो बंद केला की केमो शरीरातून निघत नाही, विषबाधा वाढते आणि मग केमोचाच डोस कमी करावा लागतो. शिवाय गाठीकडे सुटायच्या इतर वाटा असतातच.

एमटीटी पुरणार नाही. त्यात पेशींची चयापचयाची क्षमता मोजली जाते. रंग कमी आला तर पेशी मेल्या असतील, किंवा नुसत्या विभागायच्या थांबल्या असतील. अ‍ॅनेक्सिन-व्ही आणि प्रोपिडियम आयोडाइड या चमकणाऱ्या खुणांची जोडी घे. निरवानिरवीच्या सुरुवातीलाच पेशी पडद्याच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिल सेरिन बाहेरच्या बाजूला आणते. सफाई पेशींसाठी ती उचलायची खूण, आणि अ‍ॅनेक्सिन त्यालाच चिकटतं. प्रोपिडियम फक्त फाटक्या पडद्यातून आत शिरतं. एकटं अ‍ॅनेक्सिन दिसलं तर सुरुवातीची अवस्था, दोन्ही दिसली तर उशिराची.

चुका होतात त्या ठरलेल्या. माध्यम ओतून देताना तरंगणाऱ्या पेशी फेकल्या जातात, आणि मेलेल्या पेशी त्यांतच असतात. त्या गोळा करून चिकटलेल्यांत मिसळ. अ‍ॅनेक्सिनला कॅल्शियम लागतं, म्हणून बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड हवं आणि पेशी सुट्या करणाऱ्या ट्रिप्सिनबरोबर आलेलं, कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए नीट धुतलेलं हवं. ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं तर निरोगी पेशीही अ‍ॅनेक्सिन धरतात. १५ मिनिटं अंधारात ठेवून तासाभरात मशीनवर वाच. रंगाविना, एकेका रंगाचा आणि नक्की मरतील अशा पेशींचा, असे नमुने सोबत ठेव. औषध डॉक्सोरुबिसिन असेल तर विशेष जप, ते स्वतःच तांबडं चमकतं आणि प्रोपिडियमच्या खिडकीत दिसतं. अशा वेळी कापलेलं कॅस्पेज-३ वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं ओळखायच्या तपासणीत दाखवणं जास्त भरवशाचं. आणि एकाच वेळी मोजू नकोस. ६, १२, २४ आणि ४८ तासांनी मोज. बशीत सफाई पेशी नसल्यामुळे ४८ तासांनी सगळंच उशिराचं दिसू लागतं.

पत्नीला फुप्फुसाचा कर्करोग आहे. गेफिटिनिबवर वर्षभर बरी होती, आता गाठ वाढली. डॉक्टर पुन्हा बायोप्सी मागतात. एकदा झाली आहे, मग पुन्हा कशाला? (जेल रोड, इंदूर)

पहिली बायोप्सी ज्या गाठीची झाली, ती गाठ आता तीच राहिलेली नाही. गेफिटिनिब वाढीचा हुकूम देणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनाची खोबण अडवतं. त्यावर वाढू लागलेल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत त्याच खोबणीत टी-७९०-एम हा बदल सापडतो, आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालतं. काहींत मेट नावाचं दुसरं प्रथिन वाढून आडवाटेनं तोच हुकूम देत राहतं. तिथे नुसतं ओसिमर्टिनिब पुरत नाही. थोड्यांत गाठ चक्क लघुपेशी (स्मॉल सेल) प्रकारात बदलते आणि तिला सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिनबरोबर इटोपोसाइड द्यावं लागतं. तीन कारणं, तीन उपचार, आणि स्कॅनमध्ये तिन्ही सारखीच दिसतात.

सुई घालणं अवघड जागी असेल तर आधी रक्ताची तपासणी मागा. मरणाऱ्या पेशींचे डीएनएचे तुकडे रक्तात येतात, त्यांत टी-७९०-एम सापडला तर सुई टळते. सापडला नाही तर मात्र 'नाही' असं समजू नका. गाठीनं रक्तात तुकडे सोडलेच नसतील, म्हणून मग बायोप्सी करावीच लागते. लघुपेशी झालेला बदलही तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय पक्का कळत नाही. निकाल येईपर्यंत गेफिटिनिब चालू ठेवायचं का, हे त्याच भेटीत विचारा. ते अचानक थांबवल्यावर काहींत गाठ भराभर उसळते, म्हणून स्वतःहून बंद करू नका.